कलम चौतीस आणि पाइपातला बिशप

माणसाच्या डोक्यात जे असतं ते त्याचं स्वतःचं असतं, अशी एक भाबडी समजूत जगभर आढळते. घर गहाण पडतं, गाडी बँकवाले ओढून नेतात, दातसुद्धा कुणाचे खरे नि कुणाचे हप्त्याने घेतलेले. पण डोकं तेवढं मरेपर्यंत आपल्याच नावावर राहणार, असं लोक धरून चालतात. अशा लोकांनी आयुष्यात कधी फ्रँचायझीच्या करारावर सही केलेली नसते.

आमच्या पोर्ट ट्रेवॅनच्या डॅरिल ट्रेझाईझने केली होती.

फ्रँचायझी ही फार सुंदर व्यवस्था आहे. धंदा तुम्ही करायचा, घाम तुम्ही गाळायचा, पाठ तुमची दुखायची. नाव फक्त कंपनीचं. नाव कंपनीचं असल्यामुळे कमाईतला वाटा कंपनीला जातो. पाठदुखीतला वाटा मात्र कंपनीने आजवर कधीही मागितलेला नाही, हा तिचा मोठेपणा. डॅरिलने नऊ वर्षं ‘शाही शेपूट फिरती श्वानस्नान सेवा’ या कंपनीच्या नावाने आमच्या गावातली कुत्री धुतली. गाडीमागे जांभळा ट्रेलर, ट्रेलरमध्ये टब, गरम पाणी, लव्हेंडरचा शाम्पू आणि केस वाळवायचं एक यंत्र, जे चालू झालं की विमान उतरतंय की काय असं वाटे. आमच्या गावात माणसं सहाशे आणि कुत्री साडेतीनशे. (हा आकडा नोंदणी केलेल्या कुत्र्यांचा आहे. माणसांचा अंदाजे.)

मी स्वतः या गावच्या कौन्सिलात पावसाळी गटारांचा निरीक्षक होतो. कॉलिन हॉस्किंग, लोक कॉल म्हणतात. सगळी नोकरी गटारांत गेल्यामुळे मला लेखी नियमांबद्दल आदर आणि पाइपांबद्दल जिव्हाळा आहे. पुढच्या हकिगतीत दोन्ही उपयोगी पडले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर करार संपला. कंपनीने नवा नियम काढला होता की प्रत्येक आंघोळीआधी कर्मचाऱ्याने कुत्र्यासमोर उभं राहून कंपनीचं गाणं म्हणावं. डॅरिल म्हणाला, “नऊ वर्षांत मी एकाही कुत्र्याचा अपमान केलेला नाही, आता म्हातारपणी सुरुवात नको.” आणि त्याने पुढच्या करारावर सही केली नाही. त्याने ट्रेलर परत दिला, शाम्पूच्या बाटल्या परत दिल्या, एप्रन आणि तीन टोप्या परत दिल्या. सगळं रीतसर झालं. मग कंपनीच्या लक्षात आलं की एक वस्तू अजून त्याच्याकडेच राहिली आहे. त्याचं डोकं.

इथे कलम चौतीस लागू होतं. ते मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी नव्याने भारावलो आहे. त्यानुसार ‘गोपनीय व्यावसायिक माहिती’ म्हणजे: ग्राहक कुत्र्यांची नावं, त्यांचे स्वभाव, कुणाला कुठे खाजवलेलं आवडतं (कानामागे, पोटावर, शेपटीच्या बुडाशी, किंवा ‘अन्यत्र’), कोण कशाला घाबरतं, आणि घाबरून दडून बसलेलं कुत्रं बाहेर काढण्याच्या ‘कंपनीच्या मालकीच्या पद्धती’. करार संपल्यावर ही माहिती माजी चालकाने वापरायची नाही, उघड करायची नाही, सुचवायची नाही, आणि ‘ती विसरण्याचे प्रामाणिक व सातत्यपूर्ण प्रयत्न करायचे’.

आता ही माहिती कंपनीकडे आली कुठून, असं काही खवचट लोक विचारतात. डॅरिलकडूनच आली. दर शुक्रवारी तो ॲडलेडच्या मुख्य कचेरीत फोन करून सांगायचा, की हॉस्किंगांच्या कुत्रीला पंजाला हात लावलेलं खपत नाही, अमक्याच्या कुत्र्याला रेडिओवर क्रिकेट लावलं की तो शांत राहतो. आणि तिकडे कुणीतरी ते टाइप करून घ्यायचं. टाइप झालं की ते कंपनीचं झालं. गाईने एकदा दूध दिल्यावर चरवीमागे हंबरत फिरू नये.

विसरण्याच्या कामावर देखरेख हवी म्हणून कंपनीने गावातून एक स्थानिक निरीक्षक नेमायचं ठरवलं. मी अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली. डॅरिल ट्रेझाईझबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे, असं विचारलं. त्याला खायला काय आवडतं? मुलं किती? कशाला घाबरतो? मी पुष्कळ आठवून पाहिलं. नऊ वर्षं हा माणूस दर पंधरवड्याला माझ्या मागच्या अंगणात येत होता, माझ्या कुत्रीशी तासभर गप्पा मारत होता, आणि मला त्याच्याबद्दल एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तसं मी सांगितलं. पलीकडच्या बाई खूश झाल्या. इतका निःपक्षपाती माणूस आम्हाला दुसरा मिळणार नाही, असं म्हणून त्यांनी जागच्या जागी नेमणूक केली. मानधन नव्हतं. जांभळी टोपी होती.

पहिल्याच आठवड्यात अडचण उभी राहिली. डॅरिल करार पाळायला तयार होता, पण कुत्र्यांनी कशावरही सही केली नव्हती. तो पाव आणायला बेकरीत निघाला की दोन्ही बाजूंच्या कुंपणांवरून कुत्री उड्या मारून यायची. बेकरीपर्यंत पोचेस्तोवर मागे वरात. कंपनीची पहिली नोटीस आली: ग्राहकांना भुलवणे.

“मी कुठे कुणाला भुलवलं?” डॅरिल मला म्हणाला. “मी नुसता उभा होतो, कॉल.”

“कसा उभा होतास?”

“कसा म्हणजे? दोन पायांवर.”

मी तसं कळवलं. कंपनीने उत्तरादाखल दुसरी नोटीस पाठवली की ओळखीच्या पद्धतीने उभं राहणं हाही भुलवण्याचाच प्रकार आहे. मग डॅरिलने चाल बदलली. एक पाय ओढत चालू लागला. कुत्र्यांना त्याचा पाय दुखावला असं वाटून ती दुप्पट संख्येने चौकशीला येऊ लागली. मग तो बायकोचा रेनकोट घालून निघाला. त्या दिवशी कुत्री तर आलीच, वर त्याची सासू भेटली.

पोटापाण्यासाठी त्याने जेटीच्या तोंडाशी मासेमारांना आमिष विकायचं छोटं दुकान टाकलं. करारात ‘ओल्या प्राण्यांशी संबंधित कोणताही व्यवसाय’ करायला मनाई होती. मासा हा ओला प्राणी आहे की नाही, यावर कंपनीच्या वकिलांनी बराच काळ विचार केला. शेवटी असं ठरलं की मासा मुळातच ओला असतो, त्याला कुणी ओलं केलेलं नसतं. सबब परवानगी आहे. कायद्याचा असा बारीक कीस पडताना पाहिला की माझं मन भरून येतं.

सगळ्यात कठीण गोष्ट घरात होती. डॅरिलचा स्वतःचा कुत्रा कंपनीच्या ग्राहकयादीत होता. (नवा शाम्पू आला की आधी त्याच्यावर वापरून बघायचा, म्हणून.) म्हणजे त्याचं नाव आता गोपनीय. डॅरिल सरळ माणूस. त्याने नाव घेणं बंद केलं आणि कुत्र्याला ‘अहो’ म्हणू लागला. “अहो, जेवता ना?” “अहो, सोफ्यावरून उतरा जरा.” त्याची बायको रेलीन हे सगळं गावभर सांगत सुटली.

“लग्न झाल्यापासून मला नुसतं ‘ए’ म्हणतो,” ती बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाली, “आणि त्या केसाळाला ‘अहो’! उद्या त्याच्या पाया पडायला सांगेल मला.”

डॅरिलच्या जागी कंपनीने ॲडलेडहून कॅमरन डफील्ड नावाचा नवा चालक पाठवला. माणूस सज्जन, कष्टाळू, कुत्र्यांवर जीव असलेला. त्याच्या हातात कंपनीची टॅब्लेट होती आणि तिच्यात आमच्या गावची सगळी गोपनीय माहिती होती. फक्त ती उघडायला तिसरी पायरी लागायची आणि कॅमरन पहिल्या पायरीवर होता. पन्नास कुत्री समाधानी झाली की वरची पायरी मिळणार होती. कुत्री समाधानी व्हायला माहिती लागत होती. महिना झाला तरी त्याच्या खात्यावर एकच समाधानी कुत्रं जमा होतं, आणि ते बहिरं होतं.

तेवढ्यात डॅरिलला कंपनीची तिसरी नोटीस आली. यापुढे एकदा जरी माहितीचा वापर केल्याचं सिद्ध झालं, तर त्याने तीन वर्षं गावापासून पंचवीस किलोमीटर लांब राहायचं. पंचवीस किलोमीटरवर आमच्याकडे एका बाजूला गहू आहे आणि उरलेल्या तीन बाजूंना समुद्र. डॅरिलचे पणजोबा इथल्या तांब्याच्या खाणीत उतरले होते, आई इथल्या वृद्धाश्रमात आहे आणि तो रोज दुपारी तिला पुडिंग भरवायला जातो. ती त्याला आताशा त्याच्या बापाच्या नावाने हाक मारते. नोटीस वाचून त्याने घडी करून खिशात ठेवली, मला एवढंच म्हणाला, “गव्हात राहून काय करू रे मी?” मी टोपी सरळ केली.

आता त्या शनिवारकडे येतो.

ग्लेनिस पेंगिलीबाई या आमच्या गावातल्या एक वयस्कर, एकट्या बाई. कंबर गेलेली, चाकाच्या वॉकरला धरून चालतात. घरात त्या आणि बिशप. बिशप म्हणजे त्यांचा म्हातारा, ढेरपोट्या, गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला कुत्रा. चेहऱ्यावर कायम दुसऱ्यांची पापं ऐकून कंटाळल्यासारखा भाव. शनिवारी सकाळी कॅमरनने त्याला किनाऱ्यावरच्या गाडीतळावर टबात घातला, साबण लावला, आणि वाळवायचं यंत्र चुकून हाताचा धक्का लागून चालू झालं. तेही समोरून, तोंडावर. बिशपने जन्मात पहिल्यांदा उडी मारली. अंगभर फेस घेऊन तो वाळूवरून सुटला आणि जेटीजवळ जे पावसाळी गटाराचं तोंड आहे, त्या पाइपात शिरला.

तो पाइप मी बसवलेला आहे. आत एकामागे एक चार-पाच माणसं झोपतील एवढा लांब आहे आणि शेवटी लोखंडी जाळी आहे, म्हणजे पलीकडून वाट नाही. आमच्या आखातात अधूनमधून समुद्र सुट्टी घेतो. दिवस-दिवस पाणी जागचं हलत नाही. पण पौर्णिमा आली की मागची सगळी हजेरी एकदम भरून काढतो. त्या दिवशी पौर्णिमा होती. दुपार सरायच्या आत तो पाइप छतापर्यंत भरणार हे गावात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितल्यावर सगळ्यांना ठाऊक झालं. तास-दीड तासाचा प्रश्न होता. मला भीती वाटली. हे निरीक्षक म्हणून नाही, नुसतं सांगतो.

लोक जमले. कॅमरन पाइपाच्या तोंडाशी पालथा पडून “ये बाळा, ये राजा” करत होता. आतून गुरगुर आली. एकाने बिस्किट टाकलं, ते पाण्यावर तरंगत परत आलं. ग्लेनिसबाई वाळूत रुतलेला वॉकर ओढत आल्या आणि हाका मारू लागल्या. पण बिशपच्या हिशेबी आंघोळीची मुख्य गुन्हेगार त्याच होत्या. त्यांनीच त्याला दर वेळी धरून दिलेलं. त्यांचा आवाज ऐकून तो आणखी आत सरकला.

“अगं बाई, आता काय करू मी,” त्या मला म्हणाल्या. “कॉलिन, तू गटारवाला ना? त्याला बाहेर तरी काढ, नाहीतर मलाही आत ढकल.”

जाळी आतून काँक्रीटमध्ये पक्की. (माझंच काम. त्या काळी कौतुक झालं होतं.) पाइप इतका अरुंद, की माणूस आत गेला तर दोघं अडकणार. म्हणून मी रीतसर मार्ग धरला आणि कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

“शाही शेपूट, आपला दिवस फेसाळ जावो,” एक गोड आवाज म्हणाला.

“बिशप पाइपात अडकलाय,” मी म्हणालो. “भरती येतेय. लवकर सांगा.”

“अरे देवा! साहेब, पोलिसांना कळवलंत का? चर्चला?”

“कुत्रा आहे हो!”

“पाळलेला आहे का त्यांनी?”

यात काही वेळ गेला. मग मी विचारलं की हा कुत्रा बाहेर काढायची पद्धत तुमच्याकडे नोंदलेली आहे, ती सांगता का. बाईंनी शोधलं. हो म्हणाल्या, आहे. कंपनीच्या पद्धतींच्या पुस्तकात, प्रकरण सात. वाचायला त्यांनाही परवानगी नव्हती. मालकाने विनंती केल्यास तीन कामकाजी दिवसांत उत्तर मिळेल, आणि आज शनिवार. मी म्हटलं, ही पद्धत ज्याने शोधून काढली तो माणूस इथेच, माझ्यासमोर, आमिषाच्या दुकानात उभा आहे. त्याला विचारू का? त्यांनी मला थांबायला सांगून वकिलांना जोडून दिलं. वकीलसाहेब कुठेतरी नातवाच्या वाढदिवसाला होते, मागे पोरं किंचाळत होती. ते म्हणाले, बोलता येणार नाही, हावभाव करता येणार नाही, हाक मारता येणार नाही. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, “कुत्र्याला माझ्या शुभेच्छा कळवा.” त्या मी कळवल्या. पाइपात तोंड घालून.

डॅरिल दुकानाच्या दारात उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. पाणी पाइपाच्या तळाला लागलं होतं आणि आतून गुरगुर थांबून कण्हल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला होता. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि कुणीच काही म्हणत नव्हतं, कारण त्याला गव्हात पाठवायचं पाप कुणालाच नको होतं. शेवटी ग्लेनिसबाईच म्हणाल्या.

“डॅरिल, पोरा, तुला काही सांगत नाही मी. तुझी आई इथे आहे. फक्त तो शेवटी फार घाबरला नाही ना, एवढं मला मागाहून सांग.”

डॅरिलने माझ्याकडे पाहिलं.

“कॉल, टोपी घातली आहेस तू.”

“ऊन आहे,” मी म्हणालो.

“काढणार नाहीस?”

“कातडीचा कॅन्सर होतो.”

“बरं,” तो म्हणाला. “मग मी जेवून घेतो.”

दुकानातून त्याने आपला डबा आणला. पाइपापासून थोड्या अंतरावर वाळूत बसला, पाइपाकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड. डब्यात फ्रिट्झ होतं. आमच्याकडच्या खाटकाच्या दुकानात प्रत्येक पोराला ज्याची चकती फुकट मिळते ते गुलाबी, मऊ सॉसेज. पावात घालून वर टोमॅटो सॉस. डॅरिलने पाव बाजूला ठेवला. एकेक चकती उचलून, मागे एकदाही न बघता, एकटाच, सावकाश, मोठ्याने मचमच करत खाऊ लागला.

कॅमरनने तोंड उघडलं, मी त्याला हाताने गप्प केलं. माझ्यासमोर मोठा प्रश्न होता. कामगाराने दुपारी जेवणं हा माहितीचा वापर ठरतो का? तो बोलत नव्हता. हाक मारत नव्हता. हावभाव म्हणावा तर चावणं हा हावभाव नाही. घड्याळात बारा वाजून गेले होते. मी मनात निकाल दिला की जेवतोय.

पाइपाच्या तोंडाशी फेस दिसला. मग नाक. बिशपला एकटं बसून फ्रिट्झ खाणारा माणूस बघवत नाही; असा अन्याय चाललेला असताना तो जगात कुठेही लपून राहू शकत नाही. पोटापर्यंत आलेल्या पाण्यातून तो थरथरत बाहेर आला, वाळूवरून गेला, डॅरिलच्या शेजारी बसला आणि त्याच्या मांडीवर ओली हनुवटी ठेवली. डॅरिल समोर समुद्रच बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि घास तोंडात तसाच होता.

“अहो,” तो हळूच म्हणाला, “सगळं संपवू नका. एक माझ्यासाठी ठेवा.”

बिशपने काहीही ठेवलं नाही. ग्लेनिसबाई वॉकर सोडून वाळूत मटकन बसल्या आणि त्या साबणाच्या गोळ्याला पोटाशी धरून इतक्या शिव्या दिल्या, की त्यातल्या निम्म्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. लोक हसत होते, रडत होते. मीही. टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती म्हणून बरं.

कॅमरन प्रामाणिक माणूस. त्याने सोमवारी सगळं कंपनीला जसंच्या तसं कळवलं, वर शाबासकी मिळेल असं वाटून. तिकडे हलकल्लोळ झाला. प्रकरण सात उघड्यावर, भर दुपारी, सत्तेचाळीस साक्षीदारांसमोर! आता यातला कुणीही उद्या खाटकाकडून फ्रिट्झ आणून कंपनीशी स्पर्धा करू शकणार होता. कंपनीने तातडीने पाऊल उचललं. सत्तेचाळीस लोकांना टपालाने हमीपत्रं आली: आपण किनाऱ्यावर जे पाहिलंत ती कंपनीची गोपनीय माहिती आहे, ती आपण वापरणार नाही, सांगणार नाही, आणि विसरण्याचे प्रामाणिक व सातत्यपूर्ण प्रयत्न कराल. खाली सही करा.

आमचं गाव एरवी कशावर एकमताने सही करत नाही. जेटीवरच्या दिव्याचा रंग ठरवायला आठ वर्षं लागली होती. या वेळी सगळ्यांनी एका दिवसात केल्या. रेलीनने तर नवऱ्याची आणि कुत्र्याची मिळून केली.

मग कंपनीने दुसरं पाऊल उचललं. डॅरिलवर कारवाई करायची तर पुरावा पाहिजे. म्हणून चौकशी अधिकारी म्हणून मिस हेलेना लुडविग ॲडलेडहून आल्या. गावच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. पहिल्या ग्लेनिसबाई. त्या बिशपला घेऊनच आल्या होत्या.

“डॅरिल ट्रेझाईझ यांनी त्या दिवशी नेमकं काय केलं?”

“कोण डॅरिल?”

“तुमचा कुत्रा पाइपातून बाहेर कसा आला?”

“कुठला कुत्रा?”

“हा! तुमच्या पायावर बसलाय तो!”

ग्लेनिसबाईंनी खाली वाकून नीट बघितलं. “हा होय! याला मी ओळखत नाही ग बाई. रोज घरी येऊन जेवतो एवढंच.”

खाटकाला फ्रिट्झ म्हणजे काय ते आठवेना. कॅमरनला त्या शनिवारी आपण कुठे होतो ते आठवेना; त्याचा अहवाल दाखवला तर म्हणाला, अक्षर माझ्यासारखं आहे, माणूस चांगला असणार. (अहवाल छापील होता.) बिचाऱ्या मिस लुडविग एकेकाला विचारून दमल्या. शेवटी माझ्याकडे वळल्या.

“मिस्टर हॉस्किंग, तुम्ही तरी. तुम्ही आमचे निरीक्षक आहात. टोपी आहे तुमच्या डोक्यावर.”

“आहे,” मी म्हणालो. “आणि माझी सहीसुद्धा आहे. साक्षीदार क्रमांक एक. मॅडम, मी आयुष्यात एकही लेखी नियम मोडलेला नाही. तुमच्या कंपनीने मला विसरायला सांगितलं, मी विसरलो. आता आठवलं तर करारभंग होईल.”

“मग मी इथे आले तरी कशाला?”

“ते आम्हाला आठवत असतं तर तुम्हाला सांगितलं असतं.”

त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले. मग बॅग आवरली. जाताना बिशपला कानामागे खाजवून गेल्या, अगदी बरोबर जागी. मी ते नोंदवलं नाही.

पुढच्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. कलम चौतिसाचं इतकं संपूर्ण पालन देशात आजवर कुठेही झालेलं नाही; पोर्ट ट्रेवॅन हे आदर्श क्षेत्र. सोबत मानपत्र. ते हॉलमध्ये लावलं आहे. डॅरिलविरुद्धचं प्रकरण पुराव्याअभावी बंद झालं. तो आमिष विकतो, दुपारी आईला पुडिंग भरवतो. गावातली कुत्री अलीकडे फार स्वच्छ दिसतात आणि त्यांना लव्हेंडरचा नाही, साध्या साबणाचा वास येतो. कोण धुतं ते कुणालाच माहीत नाही. मी स्वतः चौकशी केली. ज्याला विचारावं तो म्हणतो, पाऊस पडला असेल. आमच्याकडे पाच महिने पाऊस नाही.

तेव्हा गावाचा प्रश्न मिटला. आता राहिलात तुम्ही.

बिशप कशाने बाहेर येतो हे तुम्ही इथवर वाचलं आहे. म्हणजे तुम्ही साक्षीदार क्रमांक अठ्ठेचाळीस. ते विसरावं लागेल. जमेल की नाही अशी शंका काढू नका, तुमच्यासाठी मी कंपनीकडे शब्द टाकला आहे. एक सोपी परीक्षा देऊन बघा. तुमचा कचरा उचलायला रोज येतो त्या माणसाचं नाव काय? लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या बाईंचं? दहा वर्षं तुमच्या घरी भांडी घासणारीच्या मुलीचं? त्यांना तुमची सगळी माहिती आहे: चहात साखर किती, कोण कुणाशी बोलत नाही, घरात कोण आजारी आहे. आणि तुम्हाला त्यांच्याबद्दल?

आठवत नाही ना? अगदी छान. कंपनीला असेच लोक हवे असतात. पत्ता कळवा, टोपी पाठवतो.